औषधाचे तीन दिवस

१

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, तळमजल्यावर, जिन्याच्या मागे एक लांबट खोली आहे. तिथे एकेचाळीस हजार वाळलेली झाडं राहतात. त्यांच्यामागे धावण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. वाळलेल्या झाडांच्या मागे काय धावायचं असतं, असं माझी लेक विचारते. तिने कधी दमट हवेत बुरशीशी हुज्जत घातलेली नाही.

झाड म्हणजे अख्खं झाड नव्हे. एखादी फांदी, पानं, फूल, नशिबात असलं तर फळ. ते दाबून, वाळवून जाड पांढऱ्या कागदावर बसवायचं. अशा कागदाला आम्ही शीट म्हणतो. पानं डिंकाने बसतात, पण जाड काडी डिंकाला दाद देत नाही. तिला सुईदोऱ्याने टाका घालावा लागतो आणि कागदाच्या पाठीमागे गाठ मारावी लागते.

आमच्या खोलीत प्रत्येकाचा दोरा वेगळ्या रंगाचा. हा नियम पहिल्या सरांचा. पाठीवर लाकडी दाबयंत्र बांधून तीस वर्षं पायी हिंडून ज्यांनी हा संग्रह उभा केला, ते पहिले सर. त्यांच्या एका लाडक्या नमुन्याचा देठ टाका घालताना कुणीतरी मोडला आणि कुणीच कबूल होईना. सरांचं डोकं असं काही फिरलं की दुसऱ्या दिवसापासून ज्याचा त्याचा दोरा वेगळा. स्वतः पांढरा घेतला. त्यांच्यानंतर आले पोस्टमास्तर. आधी खरंच टपालखात्यात होते आणि लेबलं तिकिटासारखी काटकोनात चिकटवायचे. त्यांचा काळा. मग माई, त्यांचा हिरवा. मग मी. मला तपकिरी मिळाला, कारण दुकानात तोच उरला होता.

बाकीचे नियम साधे. लेबल फाडायचं नाही, चुकीचं असलं तरी. खोलीत खायचं नाही. टेबलावर कोपर टेकायचं नाही, कारण टेबलावर कायम कुणीतरी शंभर वर्षांचं म्हातारं पालथं पडलेलं असतं आणि एका कोपराने त्याचा चुरा होतो. माझी लेक लहानपणी शाळा सुटली की या टेबलाच्या टोकाला बसून गृहपाठ करायची. 'कोपर!' हा शब्द तिने माझ्या तोंडून स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकला असेल.

आणि शेवटचा नियम. जो निवृत्त होईल त्याने जाताना आपलं रीळ घरी न्यायचं. का, ते कुणी सांगितलं नाही. पहिल्या सरांनी नेलं, पोस्टमास्तरांनी नेलं. माई मात्र विसरल्या. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "राहू दे गं खणात. येईन न्यायला." त्यानंतर सतराव्या दिवशी त्या गेल्या. ही मी निवृत्त होण्याच्या अकरा वर्षं आधीची गोष्ट.

रीळ मी टाकून दिलं नाही. हात धजला नाही.

२

दर तीन महिन्यांनी आमच्याकडे औषधाचे दिवस येतात. वाळल्या झाडांना खाणारा एक भुंगेरा असतो, मोहरीच्या दाण्याएवढा. तो एकदा कपाटात शिरला की वर्षभरात निम्मं कपाट पीठ होतं. म्हणून सगळी कपाटं उघडी टाकायची, भांड्यांत औषध ओतायचं आणि खोली तीन दिवस बंद. आत श्वास घेणाऱ्या कुणाचंही काम नाही.

बंद करण्याचं काम हवालदाराचं. हा खरं तर विभागाचा शिपाई, पण भुंगेऱ्यांवर त्याचा असा दात आहे की माईंनीच त्याचं नाव हवालदार ठेवलं. दाराच्या चारही फटींवर तो कागदाच्या पट्ट्या चिकटवतो आणि प्रत्येक पट्टीवर सही करतो, अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर. चौथ्या दिवशी सकाळी मी आणि तो मिळून सह्या तपासतो, मग पट्ट्या फाडतो. खिडक्यांना बाहेरून गज आणि आतून पट्ट्या.

मी निवृत्त व्हायला नऊ महिने उरले होते, तेव्हाची गोष्ट. औषधाचे दिवस संपले, पट्ट्या शाबूत होत्या, आम्ही दार उघडलं, खिडक्या उघडल्या, तासभर बाहेर चहा पीत बसलो. आत गेले तर टेबलावर मी घाईत विसरलेलं एक शीट होतं. पहिल्या सरांनी आणलेली एक काटेरी वेल. तिचा बुंध्याकडचा तुकडा सुटला होता आणि मी त्यावर 'दुरुस्ती' अशी चिठ्ठी ठेवली होती.

चिठ्ठी बाजूला सरकवलेली होती. बुंध्याला तीन टाके होते. हिरवे.

आधी वाटलं, जुनेच असतील, माझ्या नजरेतून सुटले असतील. पण माईंचा दोरा वर्षं गेली तसा विटत जातो. त्यांनी शिवलेली शीटं आता राखाडी दिसतात. हे टाके कोवळ्या पानासारखे होते. मी शीट उलटं केलं. दुहेरी गाठ आणि तिच्यापुढे जवाच्या दाण्याएवढं सोडलेलं शेपूट. "आखूड कापलं तर सुटतं, लांब ठेवलं तर गचाळ दिसतं," असं म्हणत माईंनी मला ती गाठ सहा महिने शिकवली होती. मला ती कधीच जमली नाही.

"हवालदार," मी हाक मारली, "हे तुम्ही शिवलंत?"

तो आला, वाकून बघितलं आणि आपले पंजे माझ्यापुढे धरले. केळ्यांच्या फण्या जणू. "ताई, मला सुईत दोरा ओवता येत नाही. आमच्या शर्टाची बटणंसुद्धा घरची लावते."

"मग कुणी?"

"तुम्हीच केलं असेल. हल्ली तुमचं लक्ष नसतं."

ते खरं होतं. निवृत्तीचे कागद आल्यापासून मी चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होते.

३

मी विज्ञानाची बाई. मला एका शीटवरून काही ठरवायचं नव्हतं.

पुढच्या खेपेस मी तयारीने बसले. माईंचं रीळ खणातून काढून रसायनशास्त्र विभागाच्या नाजूक तराजूवर वजन केलं आणि आकडा वहीत लिहिला. मोडकी तीन शीटं टेबलावर ओळीने ठेवली. रीळ पुन्हा खणात. हवालदाराने पट्ट्या चिकटवल्या आणि मी त्याच्या सहीशेजारी माझीही सही ठोकली. त्याला ते आवडलं नाही. "माझ्यावर भरवसा नाही का?" म्हणत दिवसभर फुगून बसला.

त्याच तीन दिवसांत लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते, सहा तासांवर. "आई, बसून ऐक," म्हणाली, "तू आजी होणार आहेस."

मी बसलेलीच होते, ती उठून उभी राहिले.

"निवृत्त झालीस की लगेच इकडे यायचं. महिना-पंधरा दिवसांसाठी नाही, कायमचं. कबूल कर."

"येते गं."

"तुझं 'येते गं' मला माहीत आहे. माझ्या बक्षीस समारंभाला येते गं, माझ्या ऑपरेशनच्या दिवशी येते गं. दर वेळी तुझं कुठलं तरी झाड आडवं आलं."

ऑपरेशन अपेंडिक्सचं होतं आणि झाड नेच्याचं. दोन्ही वाचले, पण लेकीने ते मनात ठेवलं आणि बरोबरच केलं. या वेळी मी मनाशी गाठ मारली. या खोलीने माझ्याकडून पुष्कळ घेतलं, नातवंड मी तिला देणार नव्हते.

चौथ्या दिवशी दार उघडलं. सह्या जशाच्या तशा. टेबलावर तिन्ही शीटं शिवलेली, हिरवी, नीटस, प्रत्येक गाठीला जवाएवढं शेपूट. रिळाचं वजन केलं. कमी भरलं. दमट हवेत दोऱ्याचं वजन बदलतं हे मला ठाऊक आहे. पण दमट हवेत ते वाढतं.

मला घाबरायला हवं होतं. क्षणभर घाबरलेही, नाही म्हणत नाही. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते भय नव्हतं. अकरा वर्षं मी त्या खोलीत एकटी होते. अडलेला प्रश्न विचारायला कुणी नाही, एखादं दुर्मीळ फूल सापडलं तर दाखवायला कुणी नाही. आणि माई तर कामावरच होत्या.

४

त्यानंतरचे तीन महिने माझे फार छान गेले. हे लिहितानाही जरा लाज वाटते.

मी माईंशी बोलू लागले. मोठ्याने नाही, कपाटं लावता लावता, पुटपुटत. लेकीची बातमी त्यांना सांगितली. नव्या विभागप्रमुखांच्या चहाड्या केल्या. "माई, पोस्टमास्तरांनी या गवताचं नाव पुन्हा चुकवलंय बघा," असं म्हणून हसले. उत्तर कधी आलं नाही. खोलीत जे आवाज असतात तेच होते, पत्र्याची कपाटं ऊन चढलं की टकटकतात आणि जिन्यावरून पोरं धडधडत जातात.

पुढच्या औषधाच्या दिवसांसाठी मी अवघड अवघड शीटं बाजूला काढून ठेवली. मला न जमणारी, काडी हात लावला तर मोडेल अशी. शेजारी बारीक सुया नव्या आणून ठेवल्या, कारण माई जाड सुईवर चिडायच्या.

एक विचार मात्र मनात यायचा आणि मी तो हाकलायचे. निवृत्त होताना माई म्हणाल्या होत्या, "आता बहिणीकडे जाऊन राहणार. दोघी म्हाताऱ्या गच्चीवर ऊन खात बसणार, दुसरं काही नाही." बहिणीने खोली रंगवून ठेवली होती. माईंना तिथे जायचं होतं. मग त्या इथे का?

विचारण्याची हिंमत झाली नाही. मदत मिळत होती, मी घेत राहिले.

५

तिसऱ्या खेपेस औषध सुरू झालं त्याच सकाळी मी लेकीकडे गेले. तिची तपासणी होती. तीन दिवस राहिले. पडद्यावर बाळाचं टाळकं दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लेकीने ते जावयाला ताबडतोब फोन करून सांगितलं. संध्याकाळी ती लोकरीचा गुंडा मागे लपवायची. मी न पाहिल्यासारखं करायचे. बाळासाठी काहीतरी विणत असेल, असं धरून चालले.

परत आले, थेट स्टेशनवरून विभागात. हवालदार वाट बघत होता. पट्ट्या फाडल्या.

टेबलावर सात शीटं ठेवली होती. सातही शिवलेली. चार हिरवी. तीन तपकिरी.

मी ती तीन खिडकीपाशी नेली. मी डावखुरी आहे. माझी गाठ उलटी बसते. माईंनी कपाळावर हात मारून ती तशीच मान्य केली होती. पाठीमागच्या गाठी उलट्या होत्या. टाक्यांमधलं अंतर माझं. तिसऱ्या टाक्यापाशी माझा हात नेहमी जरा वर जातो, तिथे तो वर गेलेला. स्वतःचं अक्षर ओळखायला चष्मा लागत नाही.

माझं रीळ माझ्या पर्समध्ये होतं. मी ते सोबत नेलं होतं, कारण लेकीच्या पडद्यांची टीप उसवली होती.

मी तिथूनच तिला फोन लावला. "मी काल कुठे होते?"

"आई?"

"सांग ना. काल दुपारी मी कुठे होते?"

"माझ्या शेजारी. दुपारभर घोरत होतीस. आई, तू बरी आहेस ना? विसरायला होतंय का? खरं सांग."

"बरी आहे. सहज विचारलं."

"कुणी असं सहज विचारतं का?"

तिचा आवाज घाबरला होता. मी काहीतरी थट्टा करून फोन ठेवला. हवालदार दारात उभा होता. त्याने शीटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. फाडलेल्या पट्ट्या गोळा करून निघून गेला.

पांढरं आणि काळं रीळ घरी गेलं होतं, आणि पांढरा किंवा काळा नवा टाका मला कधी सापडला नव्हता. हे मला आधीच सुचायला हवं होतं. मग तपकिरी टाका दिसतो आहे, याचा अर्थ काय घ्यायचा? मी माझं रीळ विसरणार? की नेऊनही काही उपयोग होणार नाही? आणि हे कधीचे टाके? मी तर अजून जिवंत होते, पाय दुखत होते, भूक लागली होती.

६

शेवटची खेप माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातली. मी ठरवलं होतं की टेबलावर काहीच ठेवायचं नाही. कामच नसेल तर कुणी कशाला येईल? टेबल पुसून लख्ख केलं. सुया डबीत घातल्या. हवालदाराने पट्ट्या चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी दारापाशी गेले. माझी दुसरीकडे बसायची सोय केली होती, तिथे मन लागेना. जिन्यावर उन्हाची तिरीप होती, वरच्या वर्गात कुणीतरी पेशींचे भाग मोठ्याने पाठ करत होतं.

दाराला डोक्याच्या उंचीवर एक काच आहे. उजेडाने नमुने विटतात म्हणून तिला आतून खाकी कागद लावलेला असतो. त्याचा खालचा कोपरा फाटलाय, दोन बोटं मावतील एवढा. मी इतकी वर्षं तो बदलायचा म्हणत होते.

मी डोळा लावला.

आधी फक्त कपाटांची उघडी दारं दिसली. मग दोन रांगांच्या मधून एक पांढरा एप्रन पलीकडे गेला. एप्रनचा खिसा एका बाजूने उसवलेला. माईंनी तो निवृत्तीपर्यंत शिवला नव्हता, सगळ्या जगाची झाडं शिवून झाली की बघू म्हणायच्या. माझ्या ओठांवर हसू आलं. मला अजून आठवतं की मी हसले.

मग टेबल दिसलं. टेबलाशी एक बाई बसली होती, माझ्याकडे पाठ करून. पांढरे केस, माझ्यापेक्षा बरेच पांढरे. अंगात गडद पिवळा, जाड विणीचा स्वेटर. असा स्वेटर माझ्याकडे नाही, माईंकडेही नव्हता. तिचा डावा हात वर येत होता, दोरा ओढत होता, खाली जात होता. दर वेळी हात वर आला की कोपर उजेडात यायचं. स्वेटर त्या जागी पार विरला होता आणि त्यावर रफू केलं होतं. तपकिरी दोऱ्याने.

टेबलावर मी काहीच ठेवलं नव्हतं. ती काय शिवत होती ते तिच्या पाठीआड होतं.

हात मध्येच थांबला. दारामागे कुणी उभं आहे हे कळल्यावर माणूस थांबतं, तसा. खांदे किंचित हलले.

मी मागे सरले. ती वळली की नाही, मला माहीत नाही. मी जिना चढून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले आणि पाठांतर करणाऱ्या पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना वाटलं तपासणी आहे. बिचारी अजूनच मोठ्याने म्हणू लागली.

७

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. विभागप्रमुखांनी माझ्या सेवेची वर्षं तीस करून टाकली. लेक आली होती, आठव्या महिन्याचं पोट घेऊन, नको नको म्हटलं तरी. माझ्या जागेवर आलेल्या नव्या बाई पहिल्या रांगेत वही उघडून बसल्या होत्या. वय जेमतेम तिशीचं. मी काय बोलते तेही त्या लिहून घेत होत्या.

नंतर मी त्यांना खोलीत नेलं. किल्ल्या दिल्या. कुठलं कपाट अडतं, कुठल्या खिडकीतून गळतं, सगळं दाखवलं. त्यांनी नारिंगी दोरा निवडला होता.

"जाताना रीळ घरी न्यायचं," मी म्हटलं. "विसरायचं नाही."

"ताई, मी तर आजच आलेय."

"म्हणून आजच सांगतेय."

माझं रीळ मी पर्समध्ये टाकलं, चेन लावली, पुन्हा उघडून बघितलं. मग माईंचा खण उघडला. हिरवं रीळ बरंच बारीक झालं होतं. उचललं आणि पर्समध्ये ठेवलं. वाटेत त्यांच्या बहिणीचं गाव लागतं. रंगवलेली खोली अजून असेल-नसेल, पण गच्ची तर असेल. "चला माई," मी म्हटलं, "फार झालं काम." नव्या बाईंनी मान खाली घालून कपाटात बघायला सुरुवात केली. म्हातारी हळवी झाली, असं त्यांना वाटलं असणार.

दारात लेक उभी होती. हातात पिशवी. "थांब, इथेच देते. तुझ्या खोलीतच." तिने पिशवीतून काढून झटकलं आणि माझ्यासमोर धरलं. "मला विणता येत नाही, हे तुला माहीत आहे. चार वेळा उसवला. बाळासाठी करतेय असं वाटलं ना तुला? घाल बघू."

गडद पिवळा. जाड वीण.

मी बाही हातात घेतली, डावी, आणि कोपरापाशी उजेडात धरली. लोकर घट्ट होती, नवी कोरी. रफू नव्हतं.

"काय शोधतेस? टाके सुटलेत का?" लेकीचा चेहरा पडला.

"नाही गं," मी म्हटलं. "फार सुंदर झालाय." आणि घातला. दुसरं काय करणार होते? तिने चार वेळा उसवला होता.

८

हिरवं रीळ मी माईंच्या बहिणीला दिलं. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी ते हातात घेतलं आणि शिवणाच्या डब्यात ठेवलं. नव्या बाईंचा अधूनमधून फोन येतो. हिरवा टाका सापडला का, असं मी आडून आडून विचारते. नाही म्हणतात. तपकिरी सापडतो का, ते विचारत नाही.

लेकीकडे आल्यावर पहिले दोन महिने मी तो स्वेटर कपाटात घडी घालून ठेवला. एक दिवस लेक म्हणाली, "आवडला नसेल तर सांग, राग नाही येणार." तिला राग आला नव्हता, रडू येत होतं. नात पंधरा दिवसांची होती आणि आम्हा दोघींना झोप नव्हती. मी त्याच क्षणी स्वेटर काढून घातला आणि मग रोज घालू लागले.

मी हिशेब मांडला होता. रफूला आधी विरावं लागतं. विरायला घासावं लागतं. आणि मी टेबलावर कोपर न टेकण्याची अठ्ठावीस वर्षांची सवय असलेली बाई. जेवताना, पेपर वाचताना, कुठेच टेकत नाही. लेक हसते. "लहानपणी मला ओरडायचीस, आता स्वतः पाळतेस. इथे कुठलं झाड पडलंय?" मी हसण्यावारी नेते. या हिशेबाने मला पुष्कळ वर्षं मिळायला हवी होती. नात शाळेत जाईल, टेबलाच्या टोकाला बसून गृहपाठ करेल.

नात आता सव्वा वर्षाची आहे. दुपारी ती दुसऱ्या कुणाकडे झोपत नाही. मी डावखुरी, म्हणून तिला डाव्या हातावर घेते. तिचं डोकं माझ्या दंडाशी येतं आणि हात कोपराशी. लोकर चिमटीत धरायची, बोटांनी चोळायची, चोळत चोळत डोळे मिटायचे, हा तिचा नेम आहे. स्वेटर काढून घेतला तर घर डोक्यावर घेते. रोज दुपारी, तास-दीड तास, नेमकी त्याच जागी.

गेल्या महिन्यात तिथली वीण जरा सैल झालेली दिसली. काल बोट घालून पाहिलं, पलीकडचा उजेड दिसतो. लेक म्हणाली, "दे, मी रफू करून देते. तुझं ते तपकिरी रीळ कुठे आहे?"

"करू या सावकाश," मी म्हटलं.

आज दुपारी ती पुन्हा माझ्या हातावर आहे. खिडकीतून ऊन येतंय, आत भांड्यांचा आवाज आहे. बोटं चालली आहेत, आधी भराभर, मग हळूहळू. मी तिचा हात काढत नाही.